डेमोची बरणी

माझ्या दुकानात काउंटरवर गणपतीच्या फोटोच्या बाजूला एक काचेची बरणी असते. लोणच्याची, मोठी, पत्र्याच्या झाकणाची. आत लाकडाचा एक अर्धगोल तुकडा आणि तुकड्यात जिवंत वाळवी. गिऱ्हाईक येतं, सगळं ऐकतं आणि म्हणतं, "बघू, घरी विचारून सांगतो." मी 'बरं' म्हणतो. काउंटरवर कोरा कागद पसरतो, बरणीतला तुकडा काढतो आणि कागदावर ठक्कन आपटतो. खसखशीसारखे दाणे पडतात. मग हळूच विचारतो, "साहेब, तुमच्या बेडखाली अशी खसखस पडते का हो?"

साहेब घरी जातात, बेडखाली वाकतात आणि संध्याकाळी फोन येतो.

मी कमलाकर. पनवेलला लाइन आळीत पेस्ट कंट्रोलचं दुकान. गावात सगळे कमळ्या म्हणतात. कमळ्याने ज्याला कधीच फसवलं नाही असा माणूस पनवेलात असेल तर त्याने दुकानात येऊन जावं, आजच उरकून टाकू. शेजारच्या साडीवाल्याच्या दारातल्या प्लॅस्टिकच्या बाईला मी भर मे महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घातली होती. दोन बायका आत जाऊन स्वेटरचा भाव विचारून आल्या. साडीवाला अजून शिव्या घालतो, पण हसत हसत घालतो, कारण माझा एक नियम आहे. गंमत केली की त्याच दिवशी त्या माणसासमोर जायचं, "फसलास!" म्हणायचं आणि टाळी घ्यायची. टाळी घेतली तर ती गंमत. टाळी न घेता घरी गेलास तर ती काडी. मी काड्या करत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत तरी करत नव्हतो.

झालं असं, की आमच्या हिने, म्हणजे वसुंधराने, एक दिवस सकाळी मला सांगितलं, "अहो, येताना टॉयलेट पेपर आणा. बिनवासाचा."

"पोट बिघडलं?"

"माझं नाही. वाळवीसाठी."

"वाळवीचं पोट बिघडलं?"

ती हसली नाही. तिथेच मला समजायला हवं होतं. पंचवीस वर्षांत ही माझ्या विनोदावर हसली नाही असं फक्त तिच्या मावशीच्या दहाव्याला झालं होतं, आणि तेव्हाही तिने पदर तोंडाला लावला होता.

प्रकरण असं होतं. ओवे गावाच्या मागे जी टेकडी आहे, साग-ऐन-खैराची, उन्हाळ्यात पापडासारखी खडखडीत होते ती, तिथे कुठल्या कुठल्या जातीची वाळवी राहते, झाडाखाली जास्त काम करते की उघड्यावर, याचा अभ्यास चालला होता. पुण्याच्या एक प्रांजल मॅडम तो करत होत्या. मदतीला गावातली हौशी माणसं. प्रत्येकाला टेकडीचा एकेक चौकोन नेमून दिलेला, चार कोपऱ्यांना झेंडे. हिचे झेंडे पिवळे. चौकोनात टॉयलेट पेपरचे रोल पुरायचे, काही आठवड्यांनी उकरायचे आणि कुणी किती खाल्लं ते बघायचं. वाळवीला रोल म्हणजे मऊ लाकूड. आयतं, चावायचे कष्ट नाहीत.

मी पोट धरधरून हसलो. म्हणालो, "अगं, मी वाळवी मारून घर चालवतो आणि तू तिला जेवण नेतेस?"

"बीएस्सी झुऑलॉजीला करून मी तुमच्या दुकानाचे फोन उचलते," ती म्हणाली. "रविवार तरी माझा असू द्या."

असू दिला. मग रविवारबरोबर बुधवार गेला, मग शुक्रवारची सकाळ. हिने कॅनव्हासचे बूट घेतले. टोपी घेतली. भिंग तर आधीपासूनच होतं म्हणाली, कधीपासून ते मी विचारलं नाही. आणि घरात एक नवीन नाव आलं. सत्यजीतराव.

सत्यजीतराव विमा कंपनीतून लवकर रिटायर झालेले. बायको बंगलोरला मुलीकडे. स्वतः उंच, आवाज घशातून न येता पोटातून येणारा, डोक्यावर हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी, आणि पँटला एवढे खिसे की किल्ली शोधायला निघाले तर दुपार व्हावी. मला हे सगळं माहीत कसं? कारण जेवताना तेच.

"आज सत्यजीतरावांनी शिपाई दाखवला."

"शिपाई महापालिकेत पण आहेत."

"वाळवीचा शिपाई हो. जबडा असा, आत बारीक दात. वारुळाला धक्का लागला की हे सगळे पुढे. ते सांगत होते, उन्हाळ्यात तिथे बुरशीसुद्धा झोपलेली असते. वाळलेलं पान, काटकी, शेण, सगळं मातीत मिसळायचं काम एकटी वाळवी करते. पानावर मातीचा पापुद्रा चढवते आणि आत बसून खाते. ऊन लागू नये म्हणून."

"मला सांगतेस? मी एका लिटरमध्ये अख्खं वारूळ साफ करतो."

"करता हो," ती भात कालवत म्हणाली. "पण मारायच्या आधी कधी बघितलीत?"

आता सांगा. माझा धंदा, माझी वाळवी, माझी बायको. आणि माझ्याच बायकोला माझीच वाळवी एक परका माणूस टोपी घालून दाखवतो! त्या रात्री आमटीत मीठ किती होतं ते मला आठवत नाही. पोटात दुखत होतं ते आमटीमुळे नव्हतं, एवढं नक्की.

एका शुक्रवारी मी टेकडीवर गेलोच. खारघरला काम आहे म्हणून निघालो, स्कूटर ओव्याला लावली आणि चढलो. ऊन असं की खैराच्या सावलीलासुद्धा सावली हवी होती. वाटेत वेणू भेटली. वेणू खालच्या वाडीतली, डोक्यावर सुक्या फाट्यांचा भारा. तिच्या झोपडीचा मेढी-वासा वाळवीने खाल्ला तेव्हा मी औषध मारून दिलं होतं, म्हणून ओळख.

"काय वो शेट," ती म्हणाली, "ही मानसां हितं कागद का पुरतान?"

"वाळवीला घालतात."

"आमाला वाटला पैशे पुरलान. उकरून बघला त कागद!" तिने भारा सावरला. "आनी तो टोपीवाला नुसता हुबा र्‍हातो. कमरंत उसण हाय म्हनं. त्याचा बी तुमची ताईच खनते."

एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. घरी गॅसचा सिलिंडर सरकवायचा तर ही मला हाक मारते, आणि इथे दुसऱ्याच्या चौकोनात खुरपं चालवते! वेणूने त्या एका वाक्यात किती कामाची गोष्ट सांगितली होती ते मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जळणाऱ्या माणसाला फक्त धूर दिसतो.

वर गेलो तर दोघं एका वठलेल्या ऐनाजवळ. ही उकिडवी बसून रोल उलगडत होती, रोलचा आतून नुसता मातीचा गोळा झाला होता. सत्यजीतराव कमरेवर हात ठेवून वर उभे.

"अरे, कमलाकर! या या," पोटातला आवाज आला. "तुम्ही मारता, आम्ही मोजतो. म्हणजे एकाच धंद्यातले की आपण!"

"तुम्ही मोजून घ्या," मी म्हटलं, "मी मागून येतोच."

ही हसली नाही. सत्यजीतराव मात्र मोठ्यांदा हसले, आणि हसता हसता म्हणाले, "काही म्हणा, वहिनींची नजर फार बारीक हो. आम्हाला माती दिसते, त्यांना आतली वाळवी दिसते."

माझ्या बायकोची नजर! पंचवीस वर्षं जी नजर माझ्या शर्टाच्या कॉलरवर होती, ती बारीक आहे हे मला या खिशांच्या माणसाने सांगावं? उतरताना मी त्याचे झेंडे नीट बघून ठेवले. लाल. पळसाच्या बुंध्यापासून सुरू होणारा चौकोन.

दुकानात आलो, खुर्चीत बसलो, आणि समोर बरणी.

तुम्हाला सांगतो, अशी गंमत माणसाला आयुष्यात एकदाच सुचते. वाळवी ढोबळमानाने दोन तऱ्हेची. एक मातीतली, जी टेकडीवर होती. दुसरी कोरड्या लाकडाची, जी माझ्या बरणीत होती. ती मातीत उतरतच नाही. कपाटात जन्मते, कपाट खाते आणि कपाटातच मरते. खसखस तीच पाडते. म्हणजे बरणीतला तुकडा सत्यजीतरावांच्या चौकोनात, त्यांच्याच रोलखाली पुरला, की काय होणार? टोपीवाला उकरणार. नाचणार. ग्रुपवर फोटो टाकणार, 'आपल्या टेकडीवर प्रथमच.' मॅडम येणार, बघणार आणि म्हणणार, "सर, हे तर कुणाच्या तरी पलंगातलं दिसतंय." मग मी पळसामागून बाहेर येणार आणि हात पुढे करणार. द्या टाळी!

मी एकटाच बसून इतका हसलो की साडीवाला डोकावून गेला, त्याला वाटलं त्याच्यावरच काहीतरी चाललंय.

तुकड्याला ओली माती चोपडली, डब्याच्या पिशवीत घातला. बरणीत गोडाऊनमधला दुसरा एक मेलेला तुकडा टाकून ठेवला. वसुंधरा दुपारी दुकानात बसते खरी, पण बरणीकडे ती कशाला बघतेय? बायकांना किडे आवडत नाहीत, असं माझं तेव्हा मत होतं. दुसऱ्या दिवशी पळसाजवळ, लाल झेंड्यांच्या आत, रोलच्या खाली तुकडा पुरला आणि शीळ घालत खाली आलो.

बुधवारी सकाळी अकरा-साडेअकराला मी घरीच होतो. दार उघडलं आणि ही आत आली. चेहरा उन्हाने लाल, केसांत काटक्या, नखांत माती. बूट न काढताच आत आली. आमच्या घरात, बूट न काढता!

"अहो, सापडली!"

"काय?"

"लाकूड निघालं, लाकडात वाळवी. या टेकडीवर कुणाला कधीच न सापडलेली. खसखस पाडणारी!"

माझं हसू ओठांपर्यंत आलं. "सत्यजीतरावांना सापडली?"

"छे! त्यांची कंबर धरलेली ना. त्यांच्या चौकोनातलं मीच उकरते. माझ्या खुरप्याला लागलं." तिने माझा हात धरला. तिच्या हाताला टेकडीचा वास होता. "होतं तसं झाकून ठेवलंय. रविवारी मॅडम येतायत. अहो, बोला ना काहीतरी! तुमच्या बायकोला काहीतरी सापडलंय."

नियम काय? हात पुढे करायचा, "फसलीस!" म्हणायचं, टाळी घ्यायची. माझा हात तर तिच्या हातातच होता. नुसता उलटा करायचा होता.

पण तिचा चेहरा. असा चेहरा मी मागे कधी बघितला होता ते आठवेना. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणीही मला तिची कीव आली नाही, मला जळायलाच झालं. माझ्याच दुकानातल्या, माझ्याच तुकड्याने हिला एवढा आनंद दिला होता, आणि श्रेय चाललं होतं त्या बोडक्या टेकडीला! मी कधी साडी आणली तर ही म्हणते, "रंग जरा मळखाऊ आहे." आणि वाळवीला एवढं?

मी म्हणालो, "चहा टाक."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात सोडला, बूट काढले आणि आत गेली. चहा आला. साखर बरोबर होती. 

पुढचे दिवस फार वाईट. ही गुणगुणत पोळ्या लाटायची आणि मी मोजायचो, आता सांगू, या पोळीला सांगू, पुढच्या पोळीला सांगू. सांगितलं तर तिचं तोंड पडणार. नाही सांगितलं तर रविवारी मॅडमसमोर, सगळ्या हौशी मंडळींसमोर तोंड पडणार, आणि तेही कुणामुळे? पेस्ट कंट्रोलवाल्याची बायको आणि तिला घरातली वाळवी ओळखता आली नाही, म्हणून लोक हसणार. टाळी घ्यायला कुणी उरणारच नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा काडी केली होती, आणि ती माझ्याच घराला लागली होती.

"सत्यजीतराव हल्ली गप्प गप्प असतात," ती एकदा म्हणाली.

असणारच, मी मनात म्हटलं. प्रेमात माणूस गप्पच होतो.

शेवटी एकच उपाय दिसला. मॅडम पोचायच्या आधी तुकडा उकरायचा आणि खाली ओढ्यात भिरकावून द्यायचा. सापडलेलं हरवलं तर वाईट वाटेल, पण हसू तरी होणार नाही. रविवारी उजाडता उजाडता हिला म्हणालो, "द्रोणागिरीला एका गोदामाचं काम आलंय. अर्जंट."

"रविवारी?"

"उंदरांना काय रविवार."

"बरं," ती म्हणाली. "सावकाश जा."

टेकडीवर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच सागाच्या शेंड्यांना लागत होतं. आणि पळसाजवळ, लाल झेंड्यांच्या मधोमध, कोणीतरी गुडघे टेकून माती उपसत होतं. हनुवटीखाली दोरी.

"काय सत्यजीतराव," मी मागून म्हटलं, "उसण उतरली वाटतं?"

माणूस असा उडाला की टोपी पाठीवर गेली. "अं... कमलाकर! मी... मी फोटो काढतोय."

"खुरप्याने?"

तो उभा राहिला. हातात माझा तुकडा. चेहरा तिन्हीसांजेचा.

"चौकोन माझा आहे," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच पोटातून आला नाही, घशातून आला, बारीक. "लाल झेंडे माझे. तीन वर्षं मी या टेकड्या तुडवतोय, कमलाकर. पुस्तकं वाचली, स्वतःच्या पैशाने भिंगं घेतली. आणि वहिनी आल्या काय, चार महिने झाले नाहीत, आणि मॅडम उठसूट म्हणतात, वसुंधराताईंना दाखवा, वसुंधराताईंची नजर! आणि आता हेही त्यांनाच सापडायचं? माझ्या चौकोनात? मी मॅडमना आधी फोटो पाठवणार होतो. माझ्या नावाने. बस, एवढंच."

 म्हणजे हा माणूस जळत होता. माझ्यासारखाच जळत होता. पण माझ्यावर नाही, माझ्या बायकोवर! त्याच्या गप्प गप्प असण्याची भानगड ही होती.

आधी मला एकदम हलकं वाटलं. आणि मग एकदम राग आला. म्हणजे याला माझी बायको आवडत नाही? काय कमी आहे तिच्यात?

"माझ्या बायकोचा शोध चोरतोस?" मी ओरडलो. अहो-जाहो गेलं ओढ्यात. "दे तो इकडे!"

"नाही देणार! माझ्या चौकोनातला आहे!"

"खुरपं तिचं होतं!"

मी एक टोक धरलं, त्याने दुसरं. तो म्हणतोय माझं, मी म्हणतोय तिचं, आणि दोघांच्या मध्ये माझ्याच दुकानातला डेमो. खसखस पडतेय दोघांच्या बुटांवर. पन्नाशीतले दोन बाप्ये डोंगरावर एका कुजक्या लाकडासाठी रस्सीखेच खेळतायत, हे जर मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर वर्षभर पुरवून सांगितलं असतं.

"द्रोणागिरीचे उंदीर झाले का मारून?"

मी सोडलं. त्यानेही सोडलं. तुकडा खाली पडला.

पायवाटेवर वसुंधरा उभी होती. बाजूला प्रांजल मॅडम, पोरगेलीशी, पाठीला सॅक. मागे वेणू, फाट्यांना निघालेली, पण आता कुठे जाणार नव्हती ती. बसलीच ती दगडावर.

"मी राखण करत होतो," सत्यजीतराव म्हणाले.

"मी पण," मी म्हणालो.

मॅडमनी तुकडा उचलला. अंगठ्याने माती पुसली, सॅकमधून पांढरा ट्रे काढला आणि तुकडा त्यावर आपटला. ठक्क. अगदी मी आपटतो तसाच. दाणे बघितले, भिंग लावलं. 

"ही इथली नाही," त्या म्हणाल्या. "ही तर घरातल्या फर्निचरमधली."

मी डोळे मिटले. आता तिचा चेहरा बघवणार नव्हता.

"हो मॅडम," वसुंधराचा आवाज आला. शांत. "तो आमचा पोळपाट आहे."

मी डोळे उघडले. तुकड्याकडे बघितलं. अर्धगोल. कड गोल, घासून गुळगुळीत. खालच्या बाजूला एक बुटका ठोकळा, तुटलेला पाय. लग्नात तिच्या माहेरून आलेला. त्याच्यावरच्या किती पोळ्या मी खाल्ल्या असतील, आणि रोज सकाळी बरणीतून काढून गिऱ्हाईकासमोर आपटत होतो, तरी मला दिसला नव्हता.

"बरणीतला?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"बरणीतला. मागच्या दिवाळीत चिरला ना, तेव्हा अर्धा घातला. त्याआधी आपल्या मितालीच्या लहानपणच्या बाबागाडीची फळी होती. त्याआधी देव्हाऱ्याचं दार."

"तू घालत होतीस?"

"मग कोण?" ती म्हणाली. "लाकूड आतून पोकळ झालं की ती उपाशी मरतात. तुम्हाला काय वाटलं, दुकान उघडल्यापासून ती एकच तुकडा खातायत?"

मला तेच वाटलं होतं. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नव्हतं.

"दुपारी दुकानात कुणी येत नाही," ती मॅडमना सांगत होती, पण ऐकायचं मला होतं. "मी भिंग घेऊन बरणीसमोर बसते. त्यांच्यात एक शिपाई असतो ना, चपट्या डोक्याचा, बुचासारखा. भोकाला डोकं लावून दार बंद करून बसतो. त्याला बघता बघता आवड लागली. टेकडीवर हौशी माणसं हवीत असा तुमचा मेसेज आला तेव्हा म्हटलं, बरणीबाहेरच्याही बघू."

म्हणजे भिंग कधीपासून होतं ते हे. अख्खा उन्हाळा मी टेकडीवर जळलो, टोपीवर जळलो, सतरा खिशांवर जळलो, आणि आग लागली होती माझ्याच काउंटरवर.

"वहिनी," सत्यजीतराव कसेबसे म्हणाले, "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"उकरलं तेव्हाच. पायाचा ठोकळा दिसला."

"मग मला बोलला नाहीत?"

"तुम्ही 'माझ्या चौकोनात, माझ्या चौकोनात' करत नाचत होता. मोडवेना."

वेणू दगडावरून खो खो हसली. मॅडमनी हसू लपवायला सॅकमध्ये तोंड घातलं. सत्यजीतरावांनी कमरेला हात लावला, त्यांना अचानक उसण आठवली.

ही माझ्याजवळ आली. आवाज खाली आणला.

"मला वाटलं, घरी जाऊन सांगितलं की तुम्ही दात काढाल, म्हणाल फसलीस, टाळी दे. मी दिली असती. हसले असते. पण तुमचा हात काही पुढे येईना. मग म्हटलं, बघूया. हे खरंच आहे असं धरून चालूया. मला खरंच काही सापडलं असतं तर या माणसाने काय केलं असतं?" तिने टोपी मागे सारली. "तुम्ही म्हणालात, चहा टाक."

पनवेलात माझ्या तोंडाला लागायला कुणी धजत नाही. पण त्या वेळी मी खाली वाकून बुटावरची खसखस झटकत बसलो. 

तिने हात पुढे केला. तळवा वर.

"फसलात," ती म्हणाली. "द्या टाळी."

एवढ्या वर्षांत मी टाळ्या घेतल्या. कधी दिली नव्हती. द्यायची कशी असते ते तेव्हा कळलं. हात जड होतो. मी दिली. हळूच वाजली, पण वाजली.

ती वळली आणि आपल्या पिवळ्या झेंड्यांकडे चालू लागली, मॅडम तिच्याबरोबर. मी तिथेच. मग तिने मागे न बघता हाक मारली, "येताय की तिथेच राखण करताय?"

गेलो. ती उकिडवी बसली, मी पण बसलो, गुडघे वाजले. तिने माती बाजूला केली, रोल वर काढला. रोल कसला, वरून कागदाचा पापुद्रा आणि आत सगळी माती, मातीत बोगदे, बोगद्यांत पळापळ. तिने भिंग माझ्या हातात दिलं.

मी आयुष्यभर त्या जातीवर औषध मारत आलोय. त्यांना चेहरा असतो हे मला माहीत नव्हतं. एक फिकट, मोठ्या डोक्याचा, कात्रीसारखा जबडा वासून माझ्या भिंगावर चालून आला. त्याच्या मागे बारक्या कामकरी कागदाचे कण तोंडात धरून पळत होत्या. माझ्या बापाने दुकानावर मला पहिल्या दिवशी बसवलं तेव्हा माझा चेहरा असाच होता असणार, त्या शिपायासारखा.

"हा कोण?" मी विचारलं.

तिने सांगितलं. भराभर, हात हलवत. आणि बुधवारी बूट न काढता घरात आलेला तो चेहरा परत आला. म्हणजे त्या दिवशीचा सगळाच काही नाटकाचा नव्हता. वाळवी खोटी होती, पण मला सांगायला धावत आली होती ते खरं होतं.

"राजा पण असतो ना यांच्यात?" मी म्हटलं. "तो कुठाय?"

"खाली खोल. राणीजवळ. जन्मभर तिथेच असतो, दुसरं काम नाही."

"मजा आहे लेकाची."

"तो तिला वहिनी म्हणणाऱ्यांवर जळत बसत नाही," ती म्हणाली.

मॅडम फिस्कन हसल्या. आणि मग मला जे बुधवारी म्हणायचं होतं ते मी म्हणालो. "वसू, भारी आहे हे. खरंच भारी आहे. तुला हे सगळं दिसतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. लगेच विरघळायला ती काही रोलचा कागद नव्हती.

"उशीर झाला," ती म्हणाली. "पण चालेल. आता चहा तुम्ही टाका. सगळ्यांना. वेणूकडे चूल पेटलेलीच असेल."

"साकर नाय," वेणू म्हणाली. "शेटला गूळ टाकाय येतो काय?"

मी वेणूच्या मागून वाडीकडे उतरलो. पोळपाट काखेत होता. बरणीत परत घालायचा होता, दुपारपर्यंत, आतली उन्हाने मरायला नकोत म्हणून. चूल फुंकता फुंकता डोळ्यांत धूर गेला. पाण्याला आधण आलं तेव्हा वरून टेकडीवरून हसण्याचा आवाज आला. तिचा. मनमोकळा.

मी फुंकणी खाली ठेवली.

"वेणू," मी म्हटलं, "जरा बघून ये गं. वर ती कुणाबरोबर हसतेय?"